तुरटीचा थर

१

गढूळ पाण्याशी झटापट करायची नसते, त्याला बसू द्यायचं असतं, असं मामा एकतीस वर्षं सांगत आले होते. शहराच्या पाणीपुरवठ्यात त्यांची सगळी नोकरी गेली, त्यातली शेवटची अठरा वर्षं प्रयोगशाळेत. निवृत्त झाल्यावरही खोड गेली नाही. कोणाच्याही घरी गेले की आधी नळ सोडून ओंजळभर पाणी घ्यायचं, हुंगायचं, आणि कोणी विचारलेलं नसताना निकाल सांगायचा. नातेवाईक त्यांना जेवायला बोलावताना दहादा विचार करत.

त्यामुळे धाकट्या बहिणीचा फोन आला तेव्हा मामांची कळी खुलली. "दादा, मागचा तलाव पार हिरवागार झालाय. बेडूकसुद्धा फिरकत नाही तिकडे. तू येशील?" बोलणं संपायच्या आत मामांनी पिशवी काढली होती.

बहिणीने ते घर सहा महिन्यांसाठी भाड्याने घेतलं होतं, आणि घेतलं होतं ते त्या तलावासाठीच. घर बैठं, चार खोल्यांचं. मागे लांबलचक पडवी, आणि पडवीला लागून, तिच्याच लांबीचा, पोहण्याचा तलाव. एका टोकाला पाच पायऱ्या आणि कमरेएवढं पाणी, दुसऱ्या टोकाला पुरुषभर खोल. घरमालकाने दोन वर्षं त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

तलाव हवा होता भाचीसाठी. भाची सव्वीस वर्षांची, नर्स. वॉर्डात दिवसभर पायाला भिंगरी लावून फिरणारी ही मुलगी स्कूटरवरून पडली आणि तिच्या डाव्या मांडीचं हाड मोडलं. हाड जुळलं, टाके सुकले, पण पाय काही उचलेना. चालताना डावं पाऊल जमिनीवरून घासत येई. हाडांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, हिला पाण्यात चालवा. पाण्यात अंगाचा भार हलका होतो आणि पायाला आपली जुनी चाल आठवते. पण जे काही करायचं ते तीन महिन्यांच्या आत. त्यानंतर शरीर ओढत चालण्यालाच सरावतं, आणि मग ती चाल जन्माची.

त्यातले दोन महिने हे असं तलावाचं घर शोधण्यातच गेले होते. पाण्यातला व्यायाम शिकवणाऱ्या बाई शुक्रवारी सकाळी दहाला येणार होत्या. मामा पोचले तो शनिवार होता.

"शुक्रवारपर्यंत होईल?" बहिणीने विचारलं.

मामांनी बाही सारून पाण्यात हात बुडवला. मनगटापुढचा हात दिसेनासा झाला. "काचेसारखं करून देतो," ते म्हणाले. "नाही झालं तर एकतीस वर्षं मी झक मारली असं समज."

२

पहिला दिवस नुसता पालापाचोळा काढण्यात गेला. लांब दांड्याच्या जाळीत कुजलेली पानं, मेलेले किडे आणि एकदा कोणाची तरी विटकी टोपी आली. दुसऱ्या दिवशी मामांनी भिंती घासल्या. शेवाळं हाताला गिळगिळीत लागे, ब्रश फिरला की चादरीसारखं सुटून येई आणि सगळं पाणी पुन्हा काळं करून टाकी. घासून झाल्यावर मामांनी बादलीत क्लोरीन कालवलं, नाकाला रुमाल बांधला आणि कडेकडेने ओतत तलावाला पूर्ण फेरी मारली. मग पंप लावला, आणि तो दिवसरात्र वाळूच्या फिल्टरमधून पाणी फिरवत राहिला.

पाणी किती निवळलं हे बघायची मामांची रीत जुनी होती. पांढरी ताटली दोरीला बांधायची, पाण्यात सोडायची आणि ती दिसेनाशी झाली की दोरी मोजायची. शनिवारी ताटली वीतभरावर गडप झाली होती. सोमवारी हात, दीड हात. हिरवा रंग जाऊन पाणी दुधाळ राखाडी झालं. शेवाळं मेलं होतं, पण मेलेलं शेवाळं इतकं बारीक असतं की ते धड वर येत नाही, धड खाली बसत नाही.

भाची पडवीतून हे सगळं बघत असे. सकाळी बारा आणि संध्याकाळी बारा फेऱ्या मारायच्या, असा तिला हुकूम होता. पडवीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाच्या खांबापर्यंत, हातात काठी. टक, पाऊल, सर्र. टक, पाऊल, सर्र. मामा ब्रश थांबवून ओरडत, "सरकार, टाच आधी टेकवा! बोटांनी काय फरशी पुसताय?"

"तुम्ही तुमच्या शेवाळ्याकडे बघा," ती म्हणे. "माझ्या पायाला तुमचं क्लोरीन चालत नाही."

ती हसत असे, पण खांबाशी वळताना तिचे ओठ घट्ट मिटलेले असत. मामांना ते बघवत नसे. मग ते पुन्हा भिंतीवर तुटून पडत.

मंगळवारी संध्याकाळी ते म्हणाले, "आता तुरटी."

"तुरटी तर दाढीला लावतात," भाची म्हणाली.

"सरकारांचं ज्ञान अगाध आहे. तुरटी पाण्यात पडली ना, की सगळा बारीक गाळ एकमेकांना चिकटतो, जड होतो आणि खाली बसतो. फक्त एक अट आहे. पाणी हलता कामा नये. पंप बंद, कोणी दगड टाकायचा नाही, हात घालायचा नाही. सकाळी तळाला थर बसलेला असतो. तो अलगद पाइपने ओढून बाहेर टाकायचा, की खेळ खलास."

त्यांनी विरघळलेली तुरटी ओतली आणि पंप बंद केला. दोन दिवस अखंड घरघरणारा पंप थांबल्यावर घर एकदम शांत झालं. बहीण आतून म्हणाली, बरं वाटलं कानांना.

३

बुधवारी सकाळी मामा दात घासतच मागे आले आणि खूश झाले. पाणी वरून दोन-अडीच हात निवळलं होतं. पायऱ्यांकडच्या उथळ भागात तळ दिसत होता, आणि तळावर करडा पांढरा थर बसला होता. चाळणीने पीठ चाळून ठेवावं इतका सारखा थर. पाणीपुरवठ्यातल्या टाक्यांतही असा थर क्वचित बसे.

मग त्यांना पावलं दिसली.

शेवटच्या पायरीपासून दोन हातांवर एक, मग एक, मग एक, सरळ रेषेत पुढे खोल भागाकडे गेलेली. बाजूला तशीच परत आलेली दुसरी रांग. अनवाणी पावलं, बोटं वेगवेगळी उमटलेली. खोल भागातलं पाणी अजून धुरकट होतं, त्यामुळे रांग पुढे कुठवर गेली ते दिसत नव्हतं.

मामांनी तोंडातला फेस गवतावर थुंकला आणि उकिडवे बसून नीट पाहिलं. त्यांना आधी राग आला. अट एवढी स्वच्छ सांगितली होती.

"अगं, रात्री कोणी उतरलं होतं का यात?" त्यांनी स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं.

"कोण उतरणार, दादा? मी? मला तर बादलीतल्या पाण्याची भीती." बहीण दूध तापवत होती. "आणि ही तर न्हाणीघराच्या उंबऱ्यालासुद्धा माझा खांदा धरते."

भाचीने मान हलवली. "मी गोळी घेऊन झोपते, मामा. सकाळपर्यंत मेलेली असते."

मामा परत आले. पडवी कोरडी होती, पायऱ्यांवरची फरशी कोरडी होती. ओल्या पावलांचा एकही डाग नव्हता. अर्थात, सकाळपर्यंत वाळले असतील. त्यांनी जाळीचा दांडा पाण्यात धरून एक पाऊल मोजलं. नऊ इंच आणि वर थोडं. मग इकडेतिकडे बघत, स्वतःची जरा लाज वाटत, त्यांनी पडवीत काढून ठेवलेली भाचीची चप्पल उचलून त्याच दांड्याला लावली. मापात तसूभरही फरक नव्हता.

त्या पावलांत घासल्याची खूण कुठेच नव्हती. डावं पाऊल उजव्याइतकंच स्वच्छ उमटलं होतं.

मामा तिथे बराच वेळ बसले, आणि हळूहळू त्यांच्या मनात एक विचार आला. त्या विचाराने त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पोरगी झोपेत उठत असेल. झोपेत चालणारी माणसं असतात, तिला स्वतःलाही ठाऊक नसेल. आणि पाण्यात उतरल्यावर तिचा पाय बरोबर पडत असेल. डॉक्टर म्हणाले तसंच, पायाला चाल आठवत असेल.

त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही. सांगून तिला बिचकवायचं कशाला? पाइप जोडला, थर ओढून काढला, नळाने पाणी भरलं, आणि अजून धुरकटपणा होता म्हणून संध्याकाळी पुन्हा तुरटी टाकली. फक्त झोपायला जाण्यापूर्वी त्यांनी पायऱ्यांच्या दोन कठड्यांमध्ये, गुडघ्याच्या उंचीवर, शिवणाचा पांढरा दोरा बांधला. पायऱ्या उतरताना कोणालाही तो तोडावाच लागला असता.

४

गुरुवारी सकाळी दोरा जसाच्या तसा होता. त्यावर दवाचे थेंब धरले होते.

पाणी मात्र आता तळापर्यंत निवळलं होतं, अगदी खोल टोकालासुद्धा. आणि नव्या थरावर पावलांचा नुसता रस्ता पडला होता. रांगा पडवीच्या बाजूने, भिंतीला धरून, या टोकापासून त्या टोकाला गेल्या होत्या आणि वळून आल्या होत्या. वळण पडवीच्या शेवटच्या खांबासमोर बरोबर होतं. मामांनी रांगा मोजल्या, मग मोजल्याबद्दल स्वतःला शिवी दिली. फेऱ्या बारा होत्या.

सगळ्यात वाईट होतं ते खोल टोकाला. मामा पाण्याचे माणूस होते. पुरुषभर पाण्यात कोणी चालू शकत नाही, हे त्यांना कोणी समजावायची गरज नव्हती. माणूस तरंगतो, अंग वर उचललं जातं, बोटं जेमतेम तळाला लागतात. पण तिथली पावलंही टाचेपासून पक्की रुतली होती. पाणी तिथे नाहीच, अशा तऱ्हेने कोणीतरी चाललं होतं.

भाची काठी घेऊन पडवीत आली आणि तिने फेऱ्या सुरू केल्या. मामा पंपाच्या खोलीच्या दाराशी उभे राहून ऐकत होते. टक, पाऊल, सर्र. ती खांबाशी पोचली आणि दम खायला थांबली. ती थांबल्यावर क्षणभराने, तिच्या समोरच, तलावाच्या काठावर पाणी एकदाच हलकेच आपटलं. वारा नव्हता. पंप बंद होता.

ती वळून चालू लागली. परत या टोकाला येऊन थांबली. मामा श्वास रोखून होते. या टोकालाही पाणी एकदा आपटलं.

"काय झालं मामा? भूत बघितल्यासारखे काय उभे आहात?"

"काही नाही," मामा म्हणाले. "टाच टेकव."

दुपारी त्यांनी बहिणीला सांगायचं ठरवलं. ती ओट्याशी भाजी चिरत होती. शब्द जिभेवर आले होते. त्याआधी तीच बोलली.

"दादा, तुला एक सांगू? परवा रात्री ती रडत होती. मला वाटलं दुखतंय. म्हणाली, आई, वॉर्डात मी येताना पेशंटना माझी पावलं ओळखू यायची, धावत येतेय असं कळायचं. आता ओढत येणारीचा आवाज ऐकून कोणाला धीर येईल?" तिने सुरी खाली ठेवली. "उद्याच्या दिवसावर मी आस लावून आहे रे. तू आलास म्हणून झालं हे. नाहीतर मी काय करणार होते एकटी?"

आता तिला काय सांगणार? तळाला पावलं उमटतात, म्हणून तुझ्या मुलीला जन्मभर पाय ओढत चालू दे? मामांनी एक काकडी उचलली, खाल्ली आणि बाहेर आले. आपण भित्रे आहोत असं त्यांना वाटलं. आणि लगेच असंही वाटलं, की पासष्ट वर्षांच्या माणसाने चार डागांवरून घर डोक्यावर घेणं याला भित्रेपणाच म्हणतात. पाण्याखालच्या गाळात गॅसचे बुडबुडे धरतात, थर फाटतो, खड्डे पडतात. टाक्यांत काय काय आकार बसलेले त्यांनी पाहिले होते! एकदा तर एका शिपायाला त्यात स्वतःच्या सासऱ्याचा चेहरा दिसला होता.

त्यांनी थर ओढून काढला. पाणी काचेसारखं झालं होतं. पांढरी ताटली सगळ्यात खोल कोपऱ्यात ठेवली तरी तिच्यावरचा टवका दिसत होता. काम संपलं होतं, दिलेल्या शब्दाच्या एक दिवस आधी. कोणत्याही शहाण्या माणसाने फिल्टर लावून तिथेच हात धुतले असते.

मामांनी संध्याकाळी पंप बंद केला आणि आणखी एकदा तुरटी टाकली. पाण्याला तिची गरज नव्हती. त्यांना होती. उद्या पोरगी पाण्यात उतरण्याआधी त्यांना बघायचं होतं.

५

शुक्रवारी उजाडताच ते बाहेर आले. या वेळी थर अगदी पातळ होता, पण होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत कोरा. एक पाऊल नव्हतं, एक डाग नव्हता.

मामांनी काठाने हळूहळू पूर्ण फेरी मारली. मग दुसरी. मग खाली बसले आणि स्वतःशीच खुदखुदून हसले. बुडबुडेच ते! शेवाळं पूर्ण मेलं, गॅस संपला, थर कोरा. इतकं साधं होतं. अठरा वर्षं प्रयोगशाळेत बसलेल्या माणसाने चपलेचं माप घ्यावं म्हणजे कमाल झाली. छातीवरचा धोंडा उतरला आणि त्यांना कडकडून भूक लागली.

तळाला काहीतरी असेल आणि ते आज रात्रभर चालण्याऐवजी नुसतं थांबून राहिलं असेल, असा विचार त्यांच्या डोक्यात आला नाही. निदान तेव्हा तरी नाही.

नऊच्या सुमारास भाची पोहण्याचे कपडे घालून, वर आईची शाल पांघरून, पडवीच्या पायरीवर येऊन बसली. उन्हात पाणी निळं चमकत होतं.

"मामा," ती म्हणाली, "हे तेच आहे? तो हिरवा चिखल?"

"सरकारांची सेवा."

"उतरू?"

"तयार आहे तुझं पाणी. आता काही भीती नाही," मामा म्हणाले. पुढे कितीतरी दिवस त्यांना हे वाक्य आठवत राहिलं. "फक्त तो तळचा थर ओढून टाकतो, दहा मिनिटं. बाई येईपर्यंत बस."

ते पंपाच्या खोलीत गेले. पाइपाचं तोंड अडकलं होतं, ते खटपट करून सोडवलं. तेवढ्यात बहिणीने हाक मारली, बाईंना बसायला आतली जड खुर्ची बाहेर हवी होती. खुर्ची दारात अडली, आडवी करून काढावी लागली. या सगळ्यात दहाऐवजी पंधरा मिनिटं गेली असतील. भाचीची काठी पायरीशी टेकवलेली मामांनी खुर्ची आणताना पाहिली. शाल घडी करून ठेवलेली होती. भाची नव्हती.

पाण्यावर एकही तरंग नव्हता.

मामांच्या हातून खुर्ची सुटली. ते हाक मारणार, एवढ्यात पायऱ्यांच्या टोकाला पाणी फुटलं आणि भाची वर आली. डोकं, खांदे, मग कंबर. तिने कठडा धरला नाही. एक पायरी, दुसरी, तिसरी, पाण्यातून ती अशी चढून आली की पायात कधी काही झालंच नव्हतं. फरशीवर येऊन ती उभी राहिली. उजवं पाऊल, डावं पाऊल, उजवं, डावं. टाच आधी, मग बोटं. पडवीभर ती सरळ चालत गेली आणि खांबापासून वळून परत आली.

बहीण दारात उभी होती. तिने तोंडावर पदर धरला आणि ती मटकन खाली बसली. मग उठून धावली आणि ओल्या मुलीला तिने मिठी मारली. ती हसत होती, रडत होती, मध्येच मामांकडे बघून हात जोडत होती. "दादा, बघितलंस? अरे बघितलंस का तू?"

मामा बघत होते. त्यांना आनंद झाला, खरंच झाला. भाचीने आईच्या खांद्यावरून त्यांच्याकडे पाहिलं आणि ती नेहमीसारखी हसली. तिच्यात काहीही चुकीचं नव्हतं. केसांतून पाणी गळत होतं, नाकाचा शेंडा थंडीने लाल झाला होता, मांडीवरची टाक्यांची रेघ होती तिथेच होती.

"मामा," ती म्हणाली, "तो गाळ काढून टाका ना आता. लगेच काढा."

६

पाइप उचलायला मामा काठाशी वाकले आणि त्यांची नजर तळाकडे गेली.

पातळ थरावर दोन रांगा होत्या. एक पायऱ्यांपासून खोल टोकाकडे गेलेली. उजवं पाऊल, आणि डावीकडे लांब घासलेली रेघ, उजवं पाऊल आणि रेघ. बोटांनीच टेकत, पाण्यात अर्धी तरंगत गेलेल्या माणसाची ती रांग होती. ती खोल टोकापर्यंत जाऊन थांबली होती.

दुसरी रांग खोल टोकाकडून पायऱ्यांकडे आलेली. दोन्ही पावलं सारखी, टाचेपासून पक्की रुतलेली.

मामांनी डोळे मिटले, उघडले, पुन्हा पाहिलं. जाताना पाय ओढला, आणि येताना चाल आठवली. डॉक्टर हेच म्हणाले होते. अगदी हेच. याहून सोपा अर्थ कोणता लावायचा? त्यांनी पंपाच्या बटणाकडे हात नेला. एकदा पंप लागला की पाच मिनिटांत तळ स्वच्छ, आणि मग मोजायला काही उरणार नव्हतं.

तेव्हा खोल टोकाला गाळाचा एक लहानसा ढग उठला.

स्वच्छ पाण्यात तो अगदी स्पष्ट दिसला. गोल, मुठीएवढा, उठला आणि विरला. त्याच्यापुढे दुसरा, लांबट, घासून उठलेला. मग पुन्हा गोल. मग लांबट. पाण्यात कोणी नव्हतं. खालची फरशी दिसत होती, तिच्यातली प्रत्येक चीर दिसत होती, आणि त्यावरून एकामागून एक ढग उठत पायऱ्यांच्या दिशेने येत होते. सावकाश, दम खात. पडवीच्या मधल्या खांबाशी ते थांबले. थोड्या वेळाने पुन्हा निघाले.

शेवटच्या पायरीपाशी येऊन ते थांबले. एक गोल ढग पायरीला लागून उठला, पुन्हा तिथेच उठला, पुन्हा उठला. पायरी चढायला कोणी धडपडत होतं आणि ते जमत नव्हतं. मग ढग वळले आणि खोल टोकाकडे परत जाऊ लागले.

"दादा, पंप लाव की," बहीण आतून ओरडली. "बाई येतील एवढ्यात. आणि ये आत, तोंड गोड करू."

आतून दोघींचा आवाज येत होता. भाची घरभर चालून दाखवत होती आणि तिची पावलं फरशीवर सारखी, भरभर पडत होती. बहिणीचं असं हसू मामांनी दोन महिन्यांत ऐकलं नव्हतं. आता दारात जाऊन त्या हसण्यात काय सांगायचं? तुझी मुलगी बरी झाली नाही, ती अजून खाली आहे, असं? कोण मानेल, आणि मानलं तरी त्या माउलीने कोणाला जवळ घ्यायचं आणि कोणाला सोडायचं? मामांना तिथल्या तिथे हंबरडा फोडावासा वाटला. पाणी मी निवळवलं, ते मनात म्हणाले. भीती नाही असं मी सांगितलं.

त्यांनी पंपाच्या खोलीत जाऊन फ्यूज काढून खिशात घातला. मग चपला काढल्या आणि अंगातल्या कपड्यांनिशी ते पायऱ्या उतरले. पाणी बर्फासारखं होतं. शेवटच्या पायरीवर ते कमरेपर्यंत पाण्यात उभे राहिले, वाकले आणि त्यांनी उजवा हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवून पुढे धरला.

"ये," ते हळूच म्हणाले. "घाई नाही. सावकाश ये."

दूरवर, खोल टोकाला, ढग थांबले. मग वळले. गोल, लांबट, गोल, लांबट. मामा हलले नाहीत. पाणी हलता कामा नये, एवढंच त्यांना कळत होतं. मधला खांब मागे पडला. दहा पावलं राहिली, पाच राहिली, दोन राहिली. शेवटचा ढग त्यांच्या पायापाशी उठून विरला.

मागे पडवीत भरभर येणारी अनवाणी पावलं काठाशी येऊन थांबली.

"मामा," भाचीचा आवाज आला, "कोणाला बोलावताय?"

मामांनी मागे वळून पाहिलं नाही. पाण्यात त्यांच्या तळहातावर काहीच दिसत नव्हतं, पण भार आला होता, आणि चार थंड बोटं त्यांच्या मनगटाभोवती घट्ट मिटली होती. त्यांनी दुसरा हातही खाली घातला आणि ओढायला सुरुवात केली.